एकाची वजाबाकी

माझी मुलगी पहिल्यांदा मेली तेव्हा ती वीस वर्षांची होती. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मी काचेपलीकडे बसून चहा पीत होतो. पहिला दगड तिच्या डाव्या खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. ती वाकली, तशा काठ्या सुरू झाल्या. खाली पडल्यावर तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. हे सगळेच करतात आणि ते चुकीचं आहे, कारण त्यानं पोट उघडं पडतं. लाल स्वेटरवाल्या एका माणसानं नेमकी तिथंच लाथ घातली, मग दुसऱ्यानं, मग मोजता येईना. छत्तीस सेकंदांनी पडदा काळा झाला. उन्नतीनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, जॅकेटचे पट्टे सोडले आणि कोपऱ्यातल्या बादलीत ओकली. मी वहीत लिहिलं, 'क्रमांक एक्केचाळीस, मृत्यू, गुण शून्य.' आणि पुढच्या विद्यार्थ्याला आत बोलावलं.

मी डॉ. भालचंद्र खोडके. उसाच्या पट्ट्यातल्या एका वनविद्या विद्यापीठात 'मानव-वन्यजीव संघर्ष' हा विषय शिकवतो. आमच्या भागातल्या बिबट्यांच्या चार पिढ्या उसातच जन्मल्या आणि उसातच मेल्या, त्यांनी जंगल पाहिलेलं नाही. ऊस तोडला की ते बाहेर येतात, कधी शेळी नेतात, कधी माणूस. मग गाव पेटतं आणि वनखात्याची गाडी आली की सगळा राग गाडीवर निघतो. आम्ही पोरांना बेशुद्धीचं इंजेक्शन मारायला शिकवत होतो, पिंजरा लावायला शिकवत होतो. पण ज्या पाच वर्षांत बिबट्यानं आमच्या एकाही विद्यार्थ्याला मारलं नाही, त्याच पाच वर्षांत माणसांनी तिघांना ठेचून मारलं. तिसऱ्याच्या अंत्यविधीहून परत आलो आणि मी 'जमाव' लिहायला बसलो.

'जमाव' हा व्हिडिओ गेम होता, पण करमणुकीचा नव्हे. त्यातल्या एकशे ऐंशी माणसांना प्रत्येकाचा स्वतंत्र छोटा मेंदू होता. लोकांनी मोबाइलवर काढून नेटवर टाकलेले दंगलींचे आणि मारहाणीचे एक्केचाळीस हजार व्हिडिओ आम्ही यंत्राला दाखवले. दगड मारण्याआधी माणूस कुठला पाय मागे घेतो, एकाची आरोळी दुसरा किती वेळात उचलतो, पहिलं रक्त दिसल्यावर मागच्या रांगेचं काय होतं, हे यंत्र त्यातून शिकलं. प्रत्येक माणसाजवळ चार आकडे असत, राग, भीती, समोरच्यापासूनचं अंतर आणि शेजाऱ्याची नक्कल करण्याची ओढ. पहिला फटका बसला की आजूबाजूच्यांची भीती उतरायची आणि राग चढायचा. साथीचा ताप पसरावा तसा तो पसरायचा.

विद्यार्थ्याच्या अंगात जॅकेट असे. त्यातल्या चौसष्ट हवेच्या पिशव्या खऱ्या फटक्याच्या एकषष्ठांश जोरानं मारत. हे क्रूर आहे असं बरेच जण म्हणाले. माझं उत्तर ठरलेलं होतं. पुस्तकातलं ज्ञान घाबरलेल्या माणसाच्या कामाला येत नाही, कारण घाबरल्यावर मेंदूचा विचार करणारा भाग बाजूला बसतो आणि बदामाएवढा एक भाग कारभार हातात घेतो. त्या बदामाला वाचता येत नाही, त्याला फक्त सराव कळतो. तीनशे वेळा खेळलेल्या माणसाचा हात विचाराच्या आधी उचलला जातो, हे मी प्रबंधात मोजून दाखवलं होतं. त्यावर मला दोन पारितोषिकं मिळाली.

खेळात विद्यार्थ्यासह बारा जणांची वनखात्याची गाडी जमावात अडकलेली असे आणि खेळ चौदा मिनिटांचा होता. आमची तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची. तीन पोरं खेळली की बेचाळीस मिनिटं, सहा मिनिटं जॅकेट बदलायला. वेळापत्रकात अगदी चपखल बसलं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो. चौदा मिनिटांत जो जास्तीत जास्त माणसं जिवंत बाहेर काढील त्याला जास्त गुण.

वजाबाकी सापडली ती अपघातानं. बीडचा एक उंच पोरगा गाडीत चढताना अडखळला आणि त्याच्या धक्क्यानं खेळातला एक सहकारी, म्हणजे यंत्रानं तयार केलेला वनरक्षक, खाली पडला. जमाव त्याच्यावर तुटून पडला. कुणाच्या हातात कोयता होता, कुणाच्या हातात उसाचं दांडकं. आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाल्यामुळे गाडीमागचा रस्ता रिकामा झाला. पोरानं गाडी मागे घ्यायला लावली आणि उरलेले अकरा जण सुखरूप निघाले. गुण त्र्याऐंशी. त्याआधी कुणी तीसच्या वर गेलं नव्हतं.

पंधरा दिवसांत अख्खा वर्ग तेच करू लागला. एकाला खाली उतरवायचं, उजवा हात उचलून ड्रायव्हरला दोन बोटांनी मागे जायची खूण करायची, की झालं. पोरांनीच त्याला नाव दिलं, वजाबाकी. "सर, बारातून एक गेला, राहिले अकरा," असं हसून सांगायची.

मी सुरुवातीला चिडलो. वजाबाकी करणाऱ्याचे गुण कापले. तेव्हा वर्गाची सरासरी बावीसवर आली, पोरं निवेदन घेऊन कुलगुरूंकडे गेली आणि पुढच्याच महिन्यात मूल्यमापन समिती यायची होती. मी रात्रंदिवस यंत्र चालवून तोच प्रसंग दहा हजार वेळा खेळवला. वजाबाकी केली नाही तर सरासरी चार माणसं मरत होती. केली तर एक. आता सांगा, शिक्षकानं काय करावं? मी वजाबाकी मान्य केली. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत तिला 'किमान हानीचा पर्याय' असं गोंडस नाव दिलं आणि समितीनं आमच्या विभागाला वरची श्रेणी दिली.

एकटी उन्नती ऐकेना. ती गाडीतून उतरून त्या खोट्या वनरक्षकाच्या पुढे उभी राहायची आणि त्याच्यासकट मरायची. सव्वीस वेळा खेळली, सव्वीस वेळा मेली. घरी आली की जिना चढताना बरगडी धरायची. तिची आई निर्मला शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि मोजकं बोलते. एकदा ताट वाढताना तिनं मला विचारलं, "पोरीला मारायला शिकवताय की मरायला?"

"जगायला," मी म्हणालो. तेव्हा ते उत्तर मला फार बाणेदार वाटलं होतं.

रविवारी मी उन्नतीला एकटीला लॅबमध्ये नेलं. स्वतः जॅकेट घातलं आणि तिच्या शेजारी गाडीत बसलो. जमाव आला, काच फुटली, तिच्या हातावर फटका बसला. आमच्या पुढे उभा असलेला तो खोटा वनरक्षक, कोवळा पोरगा, मागे वळून म्हणाला, "मॅडम, माझं लग्न ठरलंय." ते वाक्य मीच लिहिलं होतं, खाली उतरायचा मोह व्हावा म्हणून. उन्नती उतरायला निघाली. मी तिचं मनगट पकडलं आणि सांगितलं, "गाडीत दहा जण आहेत. त्यांचीही लग्नं ठरलीत. मोज आणि हात वर कर."

तिनं हात वर केला. दोन बोटं मागे गेली. गाडी हलली आणि तो पोरगा आमच्या डोळ्यांदेखत खाली पडला. पहिला कोयता मानेवर न बसता जबड्यावर बसला, म्हणून त्याला मरायला वेळ लागला. यंत्र तपशिलात कुचराई करत नसे. उन्नती शेवटपर्यंत बघत राहिली. गुण अठ्ठ्याऐंशी. त्या दिवशी ती ओकली नाही. मी तिला मिसळ खायला नेलं आणि तिनं जास्तीचे दोन पाव मागवले, याचा मला केवढा आनंद झाला होता.

पुढे सुवर्णपदक, परीक्षा, आणि चोविसाव्या वर्षी ती वनक्षेत्रपाल झाली. नेमणूक निमोणी खुर्दला, आमच्यापासून दोन तासांवर. फोनवर ती हाताखालच्या एका वनमजुराबद्दल फार बोलायची. लहानू भांगरे, वय अठ्ठावन्न, निवृत्तीला दोन वर्षं. चिखलातला ठसा बघून बिबट्या नर की मादी ते सांगायचा आणि हिला चुलीवरची नाचणीची भाकरी आणून द्यायचा. ती त्याला लहानूबाबा म्हणायची. मला मनातून किंचित मत्सर वाटायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी निमोणीत घास कापायला गेलेली एकोणीस वर्षांची मुलगी बिबट्यानं नेली. अर्धा देह दोन तासांनी सापडला. चार दिवसांपूर्वीच त्या शिवारात लहानूनं पिंजरा लावला होता आणि त्याचं दार पडलं नव्हतं. पिंजऱ्यात आमिषाची शेळी बांधलीच नव्हती, ती लहानूनं खाल्ली, असं कुणीतरी उठवलं. उन्नतीची जीप आणि मागची छोटी गाडी मिळून बारा माणसं गावात शिरली तेव्हा दोनशे लोक वाट अडवून उभे होते.

हे सगळं मी पाहिलं. लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता. गावातला कुणीतरी मोबाइलवरून सगळं थेट दाखवत होता आणि एका विद्यार्थ्यानं ते मोठ्या पडद्यावर लावलं. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, ही नवीन पातळी आहे का?" मी उत्तर दिलं नाही, कारण जीपच्या पुढच्या सीटवर माझी मुलगी बसलेली दिसत होती.

दगड सुरू झाले. पुढची काच गेली. एका वनरक्षकाचं कपाळ फुटलं आणि रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं. दोघातिघांनी जीपचं टप धरून ती हलवायला सुरुवात केली. मागच्या गाडीच्या टायरवर कुणी रॉकेल ओतलं. एका म्हातारीनं, बहुधा त्या मुलीच्या आजीनं, जीपच्या दारावर डोकं आपटायला घेतलं, आणि ते बघून लोक आणखी खवळले. मग जीपचं मागचं दार उघडलं आणि लहानू भांगरे खाली उतरला. त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि तो जमावाकडे तोंड करून उभा राहिला. जमाव थबकला. खरंच थबकला, पुढच्या रांगेतल्या एकानं तर उगारलेली काठी खाली केली.

तेवढ्यात जीपच्या फुटलेल्या काचेतून उन्नतीचा उजवा हात वर झालेला दिसला. दोन बोटं मागे गेली.

वर्गातून आवाज आला, "वजाबाकी!" आणि देवा, मला माझी लाज वाटते, पण तो पहिला एक सेकंद मला अभिमान वाटला. हालचाल अगदी अचूक होती.

दोन्ही गाड्या मागे गेल्या. लहानूनं आवाज ऐकून मागे वळून पाहिलं. तो वळला त्याच क्षणी डोक्यात पहिलं दांडकं बसलं. तो गुडघ्यांवर आला. कुणी शर्ट धरून ओढला, तो फाटला. लाथा, मग दगड, हातात धरून वरून घातलेले दगड. त्यानं एकदा हात टेकून उठायचा प्रयत्न केला, तेव्हा एकानं कोयता त्या हातावर मारला. नंतर तो उठला नाही, पण लोक थांबले नाहीत. अंगात आल्यासारखे मारतच होते. शेवटी त्याच पिंजऱ्याचं लोखंडी दार आणून त्याच्या अंगावर टाकलं आणि त्यावर चार पोरं नाचली. मोबाइलवाला जवळ गेला, तेव्हा मी पडद्याची वायर उपटली.

आठवडाभर अभिनंदनाचे फोन येत होते. बारातले अकरा वाचले होते. चाळीसएक लोकांना अटक झाली. मंत्रालयातल्या एका सचिवांनी स्वतः फोन करून सांगितलं की 'जमाव' आता राज्यातल्या सगळ्या वन आणि पोलीस प्रशिक्षणात सक्तीचा करायचा विचार आहे. त्याआधी एक चौकशी समिती बसेल, औपचारिकता म्हणून. कुलगुरूंनी पेढे मागवले होते, मग मयताचं भान येऊन ते शिपायांना वाटून टाकले. यंत्रानं तो व्हिडिओ आपोआप उचलला होता. सोमवारी पहिल्या वर्षाची पोरं निमोणी खुर्दच खेळत होती आणि गाडीतून उतरणाऱ्या खोट्या माणसाच्या काखेत टोपी होती.

उन्नती रजा घेऊन घरी आली. जेवायची, भांडी घासायची, आईबरोबर भाजी निवडायची. लहानूबाबा आपणहून बोलणी करायला उतरले, असं तिनं अहवालात लिहिलं होतं. मला मात्र ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायची, "बाबा, अकरा जण आहेत." मी म्हणायचो, आहेत. तिचा सगळा जीव त्या एका आकड्यावर तगून होता आणि तो आकडा तिला मीच दिला होता.

विद्यापीठानं लहानूच्या बायकोचा सत्कार करायचं ठरवलं. आमच्याकडे माणूस मेला काय आणि निवृत्त झाला काय, शाल-श्रीफळ एकच. कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून मी गेलो. डोंगराच्या कुशीत वीसएक घरांची वाडी होती. लहानूची बायको चिमाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं शाल बाजूला ठेवली, नारळ सुनेकडे दिला आणि मला बसायला गोणपाट टाकलं. मी कुणाचा बाप हे मी आधीच सांगून टाकलं. तिनं फक्त मान हलवली आणि पाखडत राहिली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की लहानूंनी फार धैर्य दाखवलं, एवढ्या मोठ्या जमावापुढे उतरायचं म्हणजे काही खायचं काम नाही. त्यावर ती थांबली.

"त्यात काय व्हतं? ते तर नेहमीच उतरायचे," ती म्हणाली. "तीस वरसांत वीस-बावीस येळा तरी उतारले असतील. वाघरानं माणूस नेला की साहेब लोक ह्यांनाच फुडं करायचे. उतरायचे, टोपी काढायचे, खाली बसायचे. चार शिव्या खायच्या, एखांदी थोबाडीत खायची. आन मंग नुसतं बसून ऱ्हायचं."

मी विचारलं, किती वेळ.

"दिवस कलंस्तवर. धारा काढायच्या येळंला बाया हाका मारत्यात, गुरं हंबारत्यात. माणूस किती येळ चिडून ऱ्हाईल, सायेब? त्याला घर आसतं. एक गेला की मागनं दोन जात्यात. मंग ह्ये बी उठून घरी यायचे, भाकर खायचे."

या वेळी काय वेगळं झालं, असं मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

"गाडी मागं गेली," चिमाबाई म्हणाली. "आजवर गाडी कधी हालली नव्हती. गाडी उभी आसली म्हंजी लोकांना वाटतं, ह्या माणसाच्या मागं कुणी हाये. ज्याला त्याच्याच माणसांनी टाकला, त्याला कोण सोडील?" आणि तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

परत येऊन मी लॅबचं दार आतून लावलं आणि एक्केचाळीस हजार व्हिडिओंची यादी काढली. सर्वांत लांब व्हिडिओ नऊ मिनिटांचा होता. दगड उचलला की लोक मोबाइल बाहेर काढतात आणि माणूस मेला की आत ठेवतात. तीन तास उन्हात बसून शिव्या खाणाऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ कुणी कशाला काढील? वीस-बावीस वेळा जमाव घरी गेला आणि त्यातली एकही वेळ आमच्या यंत्रानं पाहिलेली नव्हती. माझ्या एकशे ऐंशी माणसांना राग होता, भीती होती, पण घर नव्हतं, गुरं नव्हती, भूक नव्हती. मी वेळेची मर्यादा काढून खेळ चालू ठेवला. चार तास झाले तरी ती खोटी माणसं तशीच ओरडत उभी होती आणि खाली पडलेल्याला मारत होती. आणि दहा हजार वेळा काढलेली माझी ती सरासरी? ती मी अशा जगाची काढली होती जिथं संध्याकाळच होत नाही.

म्हणजे लहानूला जमावानं मारला हे अर्धंच खरं होतं. आम्ही जो बचाव शिकवत होतो, त्या बचावानंच तो मेला होता.

मी निर्मलेला सगळं सांगितलं. ती म्हणाली की समितीपुढे हे बोललात तर तुमचं नाव जाईल, ते गेलं तरी चालेल, पण पोरीच्या हाती काय उरेल? मी तिला विचारलं, मग गप्प बसू का? "मला विचारू नका," ती म्हणाली आणि आत गेली. उन्नतीला सांगायचं धाडस मला झालं नाही. तिला दोन वेळा हाक मारली आणि दोन्ही वेळा चहा हवा का, एवढंच विचारलं.

समिती जिल्ह्याच्या विश्रामगृहात बसली. अध्यक्षा देवस्थळी, निवृत्त न्यायाधीश, सोबत दोन अधिकारी. उन्नतीची साक्ष आधीच झाली होती. ती गणवेशात मागच्या भिंतीशी बसली होती. माझी साक्ष म्हणजे तज्ज्ञाचं मत होतं. खेळ कसा चालतो, गुण कसे देतात, हे मी सांगितलं. एक अधिकारी मधूनमधून समाधानानं मान हलवत होता. मग देवस्थळींनी चष्मा पुसला आणि विचारलं, "डॉक्टर, त्या परिस्थितीत दुसरा काही निर्णय घेता आला असता का?"

नाही म्हणालो असतो तर सगळं संपलं असतं. पोर पुन्हा नोकरीवर गेली असती, खेळ राज्यभर गेला असता आणि दर वर्षी हजारभर पोरं हात उचलायला शिकली असती. मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं.

"हो," मी म्हणालो. "काहीही न करता गाडी उभी ठेवली असती, तर बहुधा सगळे वाचले असते. लहानू भांगरेसुद्धा." आणि मग मी चिमाबाईनं सांगितलेलं सांगितलं, व्हिडिओंचं सांगितलं, चौदा मिनिटांचं सांगितलं. माझ्या मुलीचा हात मी पकडून शिकवला होता हेही सांगितलं. "दोष द्यायचाच तर मला द्या. तिनं विचार केलाच नाही. विचार करायच्या आत हात उचलला जावा, यासाठीच मी तो खेळ केला होता."

अधिकारी म्हणाला की हे सगळं जर-तरचं आहे, एका अडाणी बाईच्या सांगण्यावर अकरा जीव टांगणीला लावायचे होते का? मयत काय करणार होता हे वनक्षेत्रपालाला त्या क्षणी कसं कळावं? देवस्थळींनाही ते पटल्यासारखं दिसलं. त्यांनी पेन उचललं.

मागे खुर्ची सरकली. उन्नती उभी राहिली होती. तिचा आवाज स्थिर होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "लहानूबाबांना मी उतरायला सांगितलं. ते हो म्हणाले. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मी बसतो त्यांच्यात, म्याडम. उशीर होईल, पण भिऊ नका. तुम्ही फक्त गाडी हलवू नका."

मी उठायला लागलो, पण तिनं मला हातानंच थांबवलं.

"ड्रायव्हरनंही ऐकलं. मी त्याला गप्प राहायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

देवस्थळींनी समोरचे कागद चाळले. "हे तुमच्या अहवालात नाही."

"नाही," उन्नती म्हणाली. "आता लिहून घ्या."